खिशातला हात

खेळाच्या यंत्रात नाणं टाकलं की पडद्यावरचं चित्र थरथरायला लागायचं. "आधीच्या दोघांनी हात टेकले," गल्ल्यावरची बाई म्हणाली. "आता तुम्हीच बघा, दादा."

मेकॅनिकने मागची फळी काढली. चालू यंत्रात एकच हात घालायचा, दुसरा खिशात ठेवायचा. दोन्ही हात आत गेले आणि झटका बसला, तर वीज काळजातून जाते. हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. अंगठा गमावलेल्या आपल्या हाताने ते त्याचा डावा हात खिशात कोंबायचे. वडील आता नव्हते. अंगातला कोट मात्र त्यांचाच होता.

उजव्या हाताला सैल तार लागली. ती दाबली की चित्र थांबे, सोडली की पुन्हा थरथरे. ती दाबून धरून स्क्रू पिळायला दुसरा हात हवाच होता. "एवढ्या वेळेपुरता," असं म्हणत त्याने कोटाच्या खिशातला डावा हात ओढला.

हात निघेना.

खिशात तो कुणीतरी घट्ट धरला होता. पकड उबदार होती. त्याला भीती वाटली नाही, उलट ती वडिलांचीच वाटली.

"बरं बाबा," तो पुटपुटला, "नाही घालत." त्याने प्लग काढला. पडदा काळा झाला.

"झालं का हो?" बाईने विचारलं.

धोका टळला होता, तरी पकड सुटत नव्हती. त्याने मायेने खिशातली ती बोटं चाचपली. करंगळी. तिच्याशेजारचं बोट. मधलं. तर्जनी.

आणि अंगठा.