अडीचशे वर्षांच्या चिंध्या

सौमित्रने कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. सतराशे पासष्ट सालचा फिलाडेल्फियाचा पेपर, त्याचा अगदी जीव की प्राण, पाकिटात नव्हता. पाकीट होतं, पेपर नव्हता. आणि तो बघायला बोस्टनहून आलेला म्हातारा संग्राहक खाली हिमानीच्या हातचा चहा पीत बसला होता.

"हिमानी, माझा पेपर तू हलवलास?" तो जिन्यातून ओरडला.

"मी कशाला हात लावू त्याला? त्याच्याकडे बघायचीसुद्धा चोरी!" खालून बायकोचा आवाज आला.

शेजारच्या खोलीत त्याची आई, पद्मिनीबाई, खिडकीपाशी नव्या गोधडीला टाके घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. शोध, बाळा, शोध. मीही शोधलं होतं.

मंगळवारी त्या देवळातून परत आल्या, तर पलंगावर जुनी गोधडी नाही. नवऱ्याच्या धोतरांची, सासूच्या लुगड्याची. नवरा गेल्यापासून दुसरं काही अंगावर घेतलं नव्हतं त्यांनी. "त्या चिंध्या होय?" सौमित्र म्हणाला होता. "कचऱ्याच्या गाडीत गेल्या. वास येत होता आई, वीकेंडला लोक येणार. तुला पांघरायला नवीन कम्फर्टर आणलाय ना!" पद्मिनीबाईंनी कम्फर्टर घडी घालून बाजूला ठेवला. बोलून वाया घालवावा असला राग नव्हता तो.

आणि काल हाच पठ्ठ्या चिवड्याची बशी हातात धरून मित्रांपुढे फुशारक्या मारत होता, "यार, हा आजच्यासारखा लाकडाचा कागद नाही. घरोघरच्या जुन्या चादरी, शर्ट, चिंध्या गोळा करायचे, कुजवायचे, कुटायचे, त्याचा हा कागद. म्हणून तर अडीचशे वर्षं टिकला!"

पोळ्या लाटता लाटता पद्मिनीबाईंनी सगळं ऐकलं होतं.

आता सौमित्र त्यांच्या दारात उभा राहिला. "आई, तू तर नाही ना..."

पद्मिनीबाईंनी मांडीवरची गोधडी सारखी केली. ती आतून करकरली. सौमित्रचा चेहरा उतरला.

"आत काय आहे?"

"चिंध्या. टिकाऊ असतात म्हणालास ना? माझ्या दोन सुती पातळांच्या मध्ये घातल्या."

"वेड लागलंय का तुला? ओरिजिनल आहे तो!"

"माझीही ओरिजिनलच होती."

तो कात्रीकडे झेपावला.

"कात्री लावलीस तर तुझा पेपरच कापशील," त्या शांतपणे म्हणाल्या आणि हातातली सुई त्याच्यापुढे धरली. "बस खाली. एकेक टाका उसव."

खालून हिमानीने हाक मारली, "अरे, ते विचारतायत, अजून किती वेळ?"

"सांग त्यांना, सासूबाईंचा टाका बारीक आहे म्हणून," पद्मिनीबाईंनीच उत्तर दिलं.

सौमित्र आईच्या पायाशी मांडी घालून बसला. कितीतरी वर्षांनी बसला असेल. त्याने सुईचं टोक दोऱ्याखाली घातलं आणि श्वास रोखून ओढलं.

टाका निघाला. कागदात भोक राहिलं.