खिडकीजवळची खुर्ची

कायम राहण्याच्या अर्जातली एकच ओळ कोरी होती : 'या देशात तुम्हाला ओळखणारी व्यक्ती.' अर्ज ॲप्रनच्या खिशात घालून होयबा मंगळवारच्या आजोबांची वाट बघत होता.

होयबा हे सलूनच्या मालकाने पाडलेलं नाव. युद्धातून जीव मुठीत धरून इथे आला, तेव्हा त्याला इथल्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. गिऱ्हाईक काहीही बोललं की हा आपला "हो" म्हणून मोकळा. पुढे भाषा आली, पण 'हो' काही सुटलं नाही.

आजोबा तीन वर्षं त्याच्याच खुर्चीत बसत आले होते. डोक्यावर दोन भोवरे, डाव्या कानामागे जुना व्रण. उठताना दर वेळी म्हणायचे, "रविवारी चहाला या." हा म्हणायचा, "हो." पहिलं वर्षभर त्याला ते कळलंच नाही. कळलं तेव्हा इतके रविवार उलटले होते, की आता कोणत्या तोंडाने जायचं? आज मात्र तो पत्ता विचारणार होता. या रविवारी जाणारच होता.

दार उघडलं. आत आली ती एक बाई, रडून डोळे सुजलेली.

"खिडकीजवळची खुर्ची तुमचीच ना?"

"हो."

"बाबा शुक्रवारी गेले. मी परगावी असते, फोनवर तुमच्याबद्दल ऐकायचे. तुम्ही येणार म्हणून बाबा रविवारी सकाळीच दाढी करून बसायचे. नाही आलात की म्हणायचे, कामाचा माणूस आहे, जमलं नसेल."

होयबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका रविवारी गेलो असतो तर काय बिघडलं असतं?

तिने पर्समधून हॉस्पिटलचा कागद काढला. "गावात कुणाला कळवायचं, असं विचारलं होतं. बाबांनी हे लिहिलं. यावर हॉस्पिटलवाले बिचारे फोन तरी कुठे करणार?"

थरथरतं अक्षर होतं : 'माझे मित्र. कोपऱ्यावरचं सलून, खिडकीजवळची खुर्ची.' नावाची जागा कोरी होती.

"तुमचं नाव काय?" तिने विचारलं.

इथे 'हो' म्हणून भागणार नव्हतं. त्याने नाव सांगितलं. मग मान खाली घालून विचारलं, "आणि... बाबांचं?"