झोळ

अंधारात चालक तांडेलांनी दोऱ्याला बोट लावलं. झोळ वाढलाच होता.

दर खेपेला ते छोट्या पाणबुडीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत दोरा ताणून बांधत. खोल गेलं की पाणी चहूकडून दाबतं, भिंती जरा जवळ येतात, दोरा सैल पडतो. वर येताना पुन्हा ताठ होतो. संशोधक मॅडमना त्यांनीच ते कौतुकानं दाखवलं होतं. आता दिवे, काटे सगळं बंद पडलं होतं. वर येण्यासाठी टाकायची वजनं अडकली होती. आणि दाबानं आवळलेल्या पाणबुडीला पाणी कमी उचलून धरतं. ती जितकी खाली, तितकी जड.

"काका, टॉर्च द्या ना. दोरा बघते."

"सापडू दे, देतो." टॉर्च त्यांच्या मांडीवरच होता. त्यांनी चाचपडत गाठ सोडली, दोरा खेचला, पुन्हा करकचून बांधला. मग टॉर्च पुढं केला.

मॅडमनी दोरा छेडला. ताठ! "वर चाललोय, काका!" त्यांना रडू फुटलं.

"मग! म्हटलं नव्हतं?"

मॅडमनी डोळे पुसले. दुसऱ्या हाताचं बोट दोऱ्यावरच होतं. त्या बोटाखाली दोरा हळूच सैल पडला.