गुडघाभर पाणी

थोरली लेसरच्या खोलीतून बाहेर आली आणि दाराशीच थबकली. बाकावर बसलेल्या धाकट्या बहिणीने सरकून जागा केली.

“काय गं ताई, दिसायला लागलं?”

थोरलीने समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. सकाळी ते धूसर होतं, आता आणखीच धूसर झालं होतं.

“नाही गं. पण डॉक्टर म्हणाले, छान झालं.”

“काय छान झालं?”

“बुबुळाला भोक पडलं. म्हणजे त्यांनी पाडलं. काचबिंदू ना, डोळ्यातलं पाणी तुंबलं होतं, त्याला वाट करून दिली. गेलेली नजर येत नाही म्हणे. उरलेली टिकते.” बोलता बोलता तीच गोंधळली.

“धडधाकट बुबुळाला भोक पाडायचं, दिसायचं काही नाही, आणि वर छान!” धाकटीने तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. “कुठाय? मला तर काही दिसत नाही.”

“वरच्या पापणीआड आहे.”

“बरी सोय आहे.” धाकटीच्या डोळ्यांतही औषधाचे थेंब घातले होते, भुवई ठणकत होती. तिने पिशवी उचलली. “चल घरी. मला नाही असली वाट करून घ्यायची.”

धाकटीच्याही डोळ्यांत पाणी तुंबतंय, आता थांबून चालणार नाही, हे डॉक्टरांनी दोघींनाही सांगितलं होतं. थोरलीने तिचा पदर धरला. स्वतःच्या डोळ्यात मघापासून एक पांढरी रेघ तरळत होती. ती बरी की वाईट, जाणार की राहणार, हे विचारायचंच राहून गेलं होतं.

“पुढच्या आजी, या,” नर्सने हाक मारली.

“ताई, खरं सांग. जाऊ?”

लहानपणी ओढा ओलांडताना थोरली आधी उतरायची आणि पाणी किती आहे ते ओरडून सांगायची. आताही तिच्या तोंडून तेच निघालं.

“ये... जा. गुडघाभरच आहे.”

“तेव्हाही हेच म्हणायचीस. गळ्यापर्यंत असायचं.”

धाकटीने चष्मा काढून थोरलीच्या हातात दिला आणि भिंत चाचपत आत गेली.

दार लागलं. दाराखाली उजेडाची एक रेघ होती. थोरलीने डोळे मिटले, उघडले. रेघ दाराखालची की आपल्या डोळ्यातली, तिला काही केल्या कळेना.