एका मतदाराची जागा

मतदारसंख्या समान राहावी म्हणून निवडणूक आयोगाचं यंत्र रोज पहाटे प्रभागांच्या सीमा नव्याने आखत असे. मंगळवारी समोरच्या दामूअण्णांचं घर शेजारच्या प्रभागात गेलं. मागच्या निवडणुकीत एका मताने पडलेले भास्करराव गॅलरीतून ओरडले, "काय अण्णा, पळालात? आता मला पाडणार कोण?"

बुधवारी दुपारी भास्करराव वारले.

गुरुवारी सीमा पुन्हा सरकली. दामूअण्णा भास्कररावांच्या मुलीला, वृंदाला, भेटायला आले. "मला परत तुमच्यात घेतलंय गं. एक मतदार कमी झाला म्हणे." त्यांनी भास्कररावांच्या फोटोला हात जोडले. "देवाशप्पथ, मी त्यांनाच मत दिलं होतं. त्यांना कधी पटलं नाही."

वृंदा वडिलांच्या फोटोकडे वळली.

"मी नव्हतं दिलं, बाबा. निवडून आला असतात, तर घरी दिसला नसतात."