चार बोटं कमी

भिंतीवरची पेन्सिलीची शेवटची खूण जमिनीपासून एकशे ब्याऐंशी सेंटिमीटरवर होती. शेजारी तारीख होती, २८-१०-०३. खुणेच्या वर आठ सेंटिमीटरवर लाल खडूची आडवी रेघ होती. गेल्या एकोणीस दिवसांत हे अंतर एका मिलिमीटरनेही कमी झालं नव्हतं. घरात त्याला 'चार बोटं कमी' म्हणत.

लाल रेघ क्लेमेंटने ओढली होती. पाचूबंदरच्या किनाऱ्यावर त्यांची वलांडी होती, म्हणजे बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांचा मांडव. तिच्या सगळ्यात वरच्या दोरीची उंची तो टेपने मोजून आला होता. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. त्याच्या बायकोने, मॅग्डलीनने, हे चौदा वर्षं केलं. मग तिचा उजवा हात गार पडू लागला. करंगळीला मुंग्या येऊ लागल्या. एक दिवस हातातला बोंबील कधी पडला, ते तिला कळलंच नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, मानेच्या बुडाशी एक जास्तीची बरगडी आहे, ती हाताकडे जाणाऱ्या शिरा दाबते. सासूला याचा अभिमानच वाटला. "आमच्याकडं आल्यावरच वाढली आसंल," आय म्हणाली. "माहेरात कुठं एवढं खायला होतं?" ऑपरेशन तिने जुलैतच करायला लावलं, होड्या बंद असताना.

बरगडी निघाली. ऑपरेशनआधीचा एक्स-रे खिडकीच्या काचेवर चिकटवला गेला, भेटायला येणाऱ्यांसाठी. डॉक्टरांनी उजवीकडे पेनाने गोल काढला होता. लोक त्या गोलाकडे बघून हळहळायचे, चहा प्यायचे आणि एकच विनोद करायचे. फादरही चुकले नाहीत.

"आदामाची बरगडी काढली तेव्हा त्याला बायको मिळाली. तुला काय मिळालं, मॅग्डलीन?"

"टाके, फादर."

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, भिंतीवर बोटांचा खेकडा चढवायचा, आणि तो जाईल तिथे रोज खूण करायची. ऑगस्टभर खुणा चढल्या. सप्टेंबरभर चढल्या. वलांडी भरायला लागली आणि ऑक्टोबरच्या शेवटी खुणा थांबल्या.

तिचा हात पोचेपर्यंत बोंबील क्लेमेंट टांगत होता. पाचूबंदरात हे बायकांचं काम. "क्लेमेंटिना, पदर सांभाळ गो!" शेजारणी ओरडायच्या. तो संध्याकाळी घरी येऊन आधी भिंतीसमोर उभा राहायचा.

"चार बोटं," तो म्हणायचा. "चार बोटांत काय अडलंय तुझं?"

"मुंग्या मलाबी येतात," आय आतून म्हणायची. "तीस वर्षं झाली. मी गेले का हाड काढायला?"

नोव्हेंबरात चर्चच्या शिबिरात आयचा मोतीबिंदू निघाला. आठ दिवस ती काळा चष्मा लावून रुबाबात बसली. रविवारी मिस्साहून आल्यावर तिने तो काढला आणि कित्येक वर्षांनी घर नीट पाहिलं.

"एवढं घान हाय हे?"

मग तिची तपासणी सुरू झाली. छताची जळमटं झाली. क्लेमेंट झाला. "म्हातारा झालास की रे तू," ती त्याला म्हणाली. त्यानंतर भिंत आली.

"ही कोनाची बोटं?"

लाल रेघेच्या बरंच वर, चुन्यात चार तेलकट ठसे होते. एकावर एक उमटून गडद झालेले. मॅग्डलीन रोज दुपारी, क्लेमेंट वलांडीवर असताना, व्रणाला खोबरेल चोळायची आणि मग व्यायाम करायची. क्लेमेंटची नजर लाल रेघेच्या वर कधी जात नसे; सासूची नजर तिने हिशेबात धरली नव्हती. इतकी वर्षं तशी गरजच पडली नव्हती.

क्लेमेंट उठून आला. ठशांकडे त्याने मान वर करून बघितलं. त्याचा चेहरा नाताळसारखा उजळला.

"म्हंजे जातोय हात! मग उद्यापासून—"

"थांब रे," आय म्हणाली. एक चोर पकडल्यावर तिला हुरूप आला होता. ती खिडकीकडे वळली. "हा फोटू गावानं बघला. मीच बघायची ऱ्हायले."

तिने काचेला नाक लावलं. आधी गोलाच्या आत बघितलं. मग गोलाच्या बाहेर बघितलं. चार महिन्यांत हे कोणीच केलं नव्हतं.

"आनि ही डावीकडची?"

मॅग्डलीनचा हात मानेच्या डाव्या बाजूला गेला.

"तिकडंबी हाय ना गो एक?"

"हाय."

"मग काढली नाय?"

"अजून दुखत नाय, आय. डॉक्टर बोलले, परत तेच काम केलंस तर दुखंल. मग तीबी काढू."

आयने आपला उजवा पंजा नव्या डोळ्यासमोर धरला. बोटं उघडली, मिटली, परत उघडली. मग हात लुगड्याला पुसला, जणू त्याला काही लागलं होतं.

"कवापासून म्हाईत तुला?" क्लेमेंटने विचारलं.

"जुलैपासून."

"मग बोलली का नायस?"

बोलली होती. एकोणीस दुपारी, भिंतीला. भिंतीने दरवेळी नीट ऐकून घेतलं होतं.

मॅग्डलीन भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. खेकडा चढू लागला. पेन्सिलीची खूण मागे पडली, लाल रेघ मागे पडली, तेलकट ठसे मागे पडले. टाचा उचलल्या तेव्हाच तो थांबला. तिने हात सावकाश खाली घेतला आणि दोघांकडे वळली.

"हात जातो," ती म्हणाली. "मी जानार नाय."