दुसऱ्या दिवशीचा सण

सूपमध्ये मीठ दोनदा पडलं होतं.

सुनेनं चमचा ओठांना लावला आणि तसाच खाली ठेवला. टोमॅटोचं सूप तिनं कालच करून, मीठ-मिरपूड बेतानं घालून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. आज फक्त गरम करायचं होतं. पण ती ताटं मांडायला बाहेर गेली तेवढ्यात पातेल्यावरून कुणाचा तरी हात फिरला होता. कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. सासूबाई कोपऱ्यात मिठाची बरणी पुसत उभ्या होत्या. आयुष्यभर त्यांनी सणाचं सगळं सणादिवशीच केलेलं. उकळी दिसली की त्यांचा हात आपसूक बरणीकडे जायचा.

बाहेरच्या खोलीत पाहुण्यांचा गलका चालला होता. आणि सुनेचा उद्याचा दिवस या एका पातेल्यावर अवलंबून होता.

तिची आई शहराची बस चालवायची. सणाला सगळ्यांना एकमेकांकडे जायचं असतं, त्यामुळे आईला सणादिवशी रजा कधीच नसे. म्हणून त्या मायलेकींच्या घरी वर्षातला प्रत्येक सण दुसऱ्या दिवशी यायचा. फुलं स्वस्त, केक अर्ध्या किमतीत, रस्ते मोकळे. काही बिघडत नसे. आता लेक लग्न होऊन इथे आली होती आणि आई घरी एकटी होती. उद्या लेक गेली नाही, तर ती सणाचं जेवण एकटीच जेवणार होती.

सुनेनं महिनाभर आधीच विचारून ठेवलं होतं. त्यावर नवऱ्याच्या आत्याबाई फिसकन हसल्या. "शिळ्या सणाला कोण जातं गं?" सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी अट घातली. "दुसरा दिवस आवराआवरीचा असतो. पण यंदाचा सण तू एकटीनं निभावून दाखव. सगळं नीट पार पडलं, तर खुशाल जा. एक जरी पदार्थ फसला, तर भांडी घासायला थांबायचं. कबूल?"

"कबूल, अहो आई," सून म्हणाली होती. माहेरी आई होती, म्हणून इथे अहो आई.

मग तिनं पदर खोचला. आईनं दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात सण उरकता उरकता शिकवलेलं सगळं बाहेर काढलं. टेबलक्लॉथ आठवडाभर आधी इस्त्री करून पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळला, म्हणजे घडी पडायला नको. दिव्यांच्या माळांचा गुंता अर्धा दिवस बसून सोडवला आणि पुढच्या सणाला डोक्याला ताप नको म्हणून माळा गुंडाळायला पुठ्ठेही कापून ठेवले. आदल्या दिवशी रिकामी भांडी टेबलावर मांडून बघितली, कुठलं कुठे मावतं ते. सासूबाई पुटपुटत होत्या, "नसती फॅडं." आज सकाळी तर सून आंघोळ करून, नवे कपडे घालून चहा पीत बसली होती. सणाच्या सकाळी घरातली बाई निवांत बसलेली सासूबाईंना बघवेना. म्हणूनच त्या स्वयंपाकघरात घुसल्या असाव्यात.

दारात आत्याबाई उगवल्या. "काय गं, सूप आज आणतेस की उद्या?"

सुनेच्या अगदी जिभेवर आलं होतं. मीठ मी नाही, यांनी घातलं. खरं होतं आणि सुटका करणारंही होतं. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनीही पातेल्यात चमचा बुडवून चाखला होता. त्यांचा चेहरा पार उतरला होता, आणि पाहुणे त्यांच्या घरचे होते.

सुनेनं फ्रीझर उघडला. आधी करून ठेवायचं त्यातला एक भाग बिनमिठाचा बाजूला काढायचा, ही आईची सवय. कुणाचं पथ्य निघतं, कधी आयत्या वेळी पाहुणे वाढतात. तिनं डबा गरम पाण्यात धरला, गोठलेलं सूप सुटं केलं आणि पातेल्यात सोडलं. ढवळलं, उकळलं, चाखलं. बेत जमला!

"अहो आई, चव बघा ना," आत्याबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "तुमच्या हातचं मीठ अगदी बरोबर बसलंय. आता तुम्ही बाहेर जाऊन बसा, मी वाढते."

 सासूबाई बाहेर जाऊन पाहुण्यांच्या मधोमध बसल्या, जरा अवघडूनच. वाफाळता वाडगा त्यांच्यापुढे सगळ्यांत आधी आला. जेवण असं रंगलं, की आत्याबाईंनी तिसऱ्यांदा सूप मागितलं आणि वर विचारलं, कुठल्या हॉटेलातून आणलंत म्हणून. सून मनातल्या मनात नाचत होती. तिनं बाजी मारली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन दाराशी आली. मोरीत नवरा भांड्यांच्या ढिगापुढे बाह्या सरसावून उभा होता. ते काम त्याच्या आईनं त्याला सांगितलं होतं, विचारलं नव्हतं.

"अहो आई, निघते मी."

"थांब," आतून आवाज आला.

सुनेचा पाय उंबऱ्यातच अडला. आता काय राहिलं? सासूबाई बाहेर आल्या त्या ठेवणीतले कपडे घालून, हातात केकचा डबा घेऊन. त्या चपलेत पाय सरकवत म्हणाल्या, "काल तू मला बाहेर बसवलंस, तेव्हा कुठे कळलं, इतकी वर्षं मीही ड्यूटीवरच होते. माझेही पुष्कळ सण राहिलेत गं. चल, तुझ्या आईकडे."